इंग्रजीचं टेबल

आमच्या बँकेत इंग्रजीला बसायला एक टेबल होतं आणि त्या टेबलामागे इंग्रजी म्हणून मी बसत असे. टेबलावर लाकडी बोर्ड होता: 'परदेशी ग्राहकांसाठी इंग्रजी बोलण्याची सोय'. बोर्ड मराठीत होता. ज्यांच्यासाठी लावलाय त्यांना तो वाचता येणार नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात चेअरमनसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बाई, बोर्ड त्यांच्यासाठी नाहीच. आपल्याकडे अशी सोय आहे हे आपल्या सभासदांना नको का कळायला?" चेअरमनसाहेबांचं बरंचसं राजकारण या एका वाक्यात मावत असे.

बँक नगरच्या कापडबाजारामागच्या गल्लीत होती. सहकारी, लहानशी, उन्हाळ्यात पंख्याखालच्या जागेवरून भांडणं होणारी. दुष्काळाचे दिवस होते. जिल्हाभर खडी फोडायची कामं निघाली होती, आणि त्याच दुष्काळाने आमच्याकडे परदेशी माणसंही वाढवली. मिशनच्या दवाखान्यात काहीजण आधीपासून होते. शहराबाहेरच्या एका आश्रमात काही येऊन राहिले होते. त्यात आता विहिरी आटल्या म्हणून जमिनीत बोअर मारायची यंत्रं घेऊन आणखी काही आले. यांची खाती आपल्याकडे आली तर बँकेची शान वाढेल, असं चेअरमनसाहेबांच्या मनाने घेतलं. शान वाढवायला इंग्रजी बोलणारं माणूस पाहिजे होतं. मी मिशनच्या शाळेत शिकलेले. तिथल्या मोठ्या बाईंनी इंग्रजी इतकं घोटून घेतलं होतं की मी रागावले तरी व्याकरण चुकत नसे. आणि रागावायची तर मी वरचेवर.

बँकेत मी एकटीच बाई. वडील गेल्यानंतर आई घरी शिवणयंत्र चालवायची, त्यात आमचं भागत नव्हतं. जालन्याला मामाचं भुसारमालाचं दुकान होतं. मामाचा आमच्यावर जीव होता, यात वाद नाही. पण मामीला दिवस गेले की तो जीव जरा जास्तच उतू जायचा, आणि तो नगरला येऊन म्हणायचा, "ताई, तुम्ही दोघी इथं कशाला हाल काढता? चला घरी." त्या घरी स्वयंपाकघराची एक मोरी, एक चूल आणि मामाची पोरं आमची वाट बघत होती, हे मला आणि आईला चांगलं ठाऊक होतं. नोकरी होती म्हणून आई त्याला "बघू" म्हणू शकत होती. नोकरी गेली असती तर त्याच दिवशी जालना.

तर त्या टेबलामागे मी बसले. आणि लगेच एक अडचण निघाली. माझ्या परदेशी ग्राहकांना इंग्रजीची गरज फारशी नव्हती.

पहिल्या आल्या दवाखान्यातल्या सिस्टर. वय झालेलं, हाडं मजबूत, पायात पुरुषी चपला. तरणेपणी इकडे आल्या त्या इथल्याच झालेल्या. आसपासच्या खेड्यांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, आणि बाळंतिणींकडून जी मराठी शिकायला मिळते ती त्यांना मिळाली होती. टेबलासमोर खुर्ची ओढून त्या म्हणाल्या, "आगं, माजं पैशाचं आलं का न्हाई?"

मी मराठीत उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर काचेच्या केबिनमधून चेअरमनसाहेबांनी बोट वर केलं. परदेशी माणसाशी इंग्रजीतच बोलायचं, असा त्यांचा हुकूम होता. सोय ऐकू यायला हवी ना.

"गुड मॉर्निंग, सिस्टर. द मनी हॅज नॉट अराइव्ह्ड," मी म्हणाले.

"न्हाई आलं व्हय? बरं ऱ्हाऊ दे. तुज्या आईचा खोकला कसा हाय?"

"शी इज मच बेटर, थँक यू."

"आडुळसा दे म्हनावं तिला. लई नको, दोन पानं."

"आय शॅल टेल हर."

असं आमचं कितीतरी महिने चाललं. जर्मनीची की कुठली ती बाई अस्सल नगरी बोलायची आणि नगरची मुलगी तिला इंग्रजीत उत्तरं द्यायची. पैसे भरायला आलेली माणसं रांग सोडून ऐकत उभी राहत. केबिनमध्ये चेअरमनसाहेब डोळे मिटून मान डोलावत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं समाधान शंभर टक्के होतं.

दुसरा बोअरवाला इंजिनिअर. केडगावात भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याला मराठी येत नव्हती आणि इंग्रजीही येत नव्हतं. त्याची भाषा कोणती हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, कारण ती कुठली हे सांगायलाही तो तीच भाषा वापरायचा. पण यंत्रावरच्या मजुरांकडून दोन शब्द त्याने उचलले होते, 'चालू' आणि 'बंद'. त्या दोन शब्दांवर तो अख्खा नगर जिल्हा फिरत होता. दारात येऊन विचारायचा, "बँक चालू?" सणाला स्वतःच हात झटकून सांगायचा, "बँक बंद." चहा, पाऊस, विहीर, पैसा, सगळं त्याच्या हिशेबी चालू तरी असायचं नाहीतर बंद. पाऊस त्या साली बंदच होता. मला पुष्कळदा वाटायचं, हा माणूस आमच्या संचालकांपेक्षा थोडक्यात आणि स्पष्ट बोलतो.

तिसरा आश्रमातला. त्याचं मौन होतं. गळ्यात दोरीने दगडी पाटी आणि खिशात पेन्सिल. काय हवं ते तो इंग्रजीत पाटीवर सुरेख अक्षरात लिहून दाखवायचा. मीही त्याची पाटी घेऊन तिच्यावर उत्तर लिहायची. पुसून, परत देऊन, पुन्हा घेऊन आमचा व्यवहार चालायचा. पुष्कळ दिवसांनी एकदा मागे कुणाच्या हातून पितळी तांब्या पडला आणि तो दचकला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की याला ऐकू येतं. त्याने पाटीवर लिहिलं, 'तुम्ही इतक्या आनंदाने लिहीत होता, सांगवेना.'

असं सगळं सुखात चाललं असताना पुण्याची एक मोठी सहकारी बँक आमची बँक आपल्यात घ्यायला निघाली. उपाध्यक्ष तिच्या बाजूने होते. त्यांना तिकडच्या संचालक मंडळात खुर्ची मिळणार, अशी बाजारात बोलवा होती. चेअरमनसाहेब विरुद्ध होते, कारण त्यांची इकडची खुर्ची जाणार होती. दोघंही सांगायचे की भांडण तत्त्वाचं आहे. त्या तत्त्वाला चार पाय आणि दोन हात होते, एवढंच.

पुण्याहून एक अधिकारी बँक बघायला आले. टेरिकॉटचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझ्या टेबलाशी थांबून त्यांनी बोर्ड वाचला आणि हसले. "आमच्याकडे सगळ्यांनाच इंग्रजी येतं," म्हणाले आणि पुढे गेले. संध्याकाळी हेडक्लार्कनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "विलीनीकरण झालं तर या टेबलाची जागा राहणार नाही. आतापासून सांगून ठेवतो, नंतर म्हणू नका." मी घरी जाऊन आईला सांगितलं. आईने यंत्राचा पाय थांबवला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "मामाला कळवू नकोस." पण मामाला कसं कोण जाणे कळलंच. सभेच्या आदल्या दिवशी तो जालन्याहून रिकामी ट्रंक घेऊन हजर झाला. आमचं सामान भरायला ट्रंक त्याने घरूनच आणली होती. इतका मामा काळजीवाहू.

या सगळ्या भांडणात परदेशी ग्राहकांचं महत्त्व एकदम वाढलं. उपाध्यक्ष चौकाचौकात सांगू लागले, "त्या बिचाऱ्यांना मराठी कळत नाही, त्यांचे आपल्या बँकेत हाल होतात. पुण्याला गेलं तर सोय होईल." चेअरमनसाहेब सांगत, "हाल होऊ नयेत म्हणूनच टेबल ठेवलंय." त्यांना जाऊन विचारावं, असं मात्र दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. पुढे कुणा वकिलाने दोघांच्याही लक्षात आणून दिलं की खातं उघडताना या लोकांनी शेअर घेतलेत. म्हणजे ते सभासद, म्हणजे प्रत्येकाला एक मत. आणि विलीनीकरणाला सभेत हजर असलेल्यांची दोन तृतीयांश मतं लागतात. मग काय, दोन्ही बाजूंना आपल्या गोऱ्या सभासदांचा उमाळा आला. दवाखान्यात एकाच दिवशी आंब्याच्या दोन पेट्या पोचल्या. सिस्टरांनी दोन्ही पेट्या बाळंतिणींना वाटून टाकल्या.

विशेष सभेची नोटीस निघाली. रविवारी सकाळी दहा वाजता, माळीवाड्याजवळच्या मंगल कार्यालयात. चेअरमनसाहेबांनी मला बोलावलं. "याचं इंग्रजी करा आणि आपल्या सगळ्या परदेशी सभासदांना स्वतः नेऊन द्या. शब्द न् शब्द आला पाहिजे. नाहीतर उद्या उपाध्यक्ष म्हणतील, त्यांना सांगितलंच नाही."

मी शब्द न् शब्द केलं. नोटिशीच्या शेवटी ते नेहमीचं वाक्य होतं: गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल, व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. हे वाक्य आपल्याकडच्या झाडून सगळ्या सहकारी संस्थांच्या नोटिशीत असतं आणि त्याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो. दहाची सभा साडेदहाला. दहाला कुणीच यायचं नसतं. पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून दहाची सभा तहकूब होते, तेवढ्यात समोरच्या हॉटेलात चहा होतो, आणि साडेदहाला खरी सभा भरते. नगरमध्ये जन्मलेल्या कुणी दहाची सभा डोळ्यांनी पाहिली असेल, असं मला वाटत नाही. ती भरण्यासाठी नसतेच, तहकूब होण्यासाठी असते.

पण हे नोटिशीत लिहिलेलं नसतं, त्यामुळे इंग्रजीतही आलं नाही. आश्रमातल्यांनी वाचलं, दहा. दवाखान्यातल्यांनी वाचलं, दहा. इंजिनिअरला मी कागदावर घड्याळ काढून दाखवलं, तर त्याने छातीवर हात ठेवून कबूल केलं, "दहा चालू." सिस्टरांना आमचा रिवाज चांगलाच माहीत होता. पण दहाला बोलावल्यावर साडेदहाला जायचं, हे त्यांना या जन्मी जमणार नव्हतं. दवाखान्याची जीप दोन खेपा करून त्यांनी सगळ्यांना पावणेदहालाच मंगल कार्यालयात आणून बसवलं.

आदल्या दिवशी तिथे लग्न झालं होतं. स्टेजवर सोनेरी कागदाचं 'शुभविवाह' अजून लटकत होतं आणि नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. पुढच्या रांगेत माझे परदेशी, त्यांच्या शेजारी समजावून सांगायला मी. मागे पंख्याखालची जागा मिळावी म्हणून लवकर आलेले पेन्शनर. त्यांच्या मागे आईच्या ओळखीच्या शिवणवर्गातल्या सभासद बायका, ज्यांना आई माझ्याबरोबरच लवकर घेऊन आली होती. आईही सभासद होती, आणि आज तिचं काय पणाला लागलंय हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. चेअरमनसाहेब आपल्या माणसांना घेऊन डाव्या हाताच्या हॉटेलात भजी खात होते. उपाध्यक्ष उजव्या हाताच्या हॉटेलात मिसळ चारत होते.

बँकेत तंटा आहे म्हणून सहकार खात्याने एक निरीक्षक पाठवले होते. ते नुकतेच विदर्भातून बदलून आलेले. पक्षपात नको म्हणून त्यांनी दोन्ही हॉटेलांचा चहा नाकारला होता आणि त्यामुळे ते चांगलेच चिडलेले दिसत होते. बरोबर दहा वाजता त्यांनी पेन्सिलीने डोकी मोजली. पुन्हा मोजली. मग उठून म्हणाले, "गणपूर्ती झालेली आहे."

एक पेन्शनर गुरुजी कानाला हात लावून म्हणाले, "काय झाली?"

"गणपूर्ती."

"अरेरे," गुरुजी म्हणाले. "कशी काय?"

मी बँकेच्या शिपायाला पळवत चेअरमनसाहेबांकडे धाडलं. तो परत आला. "सायेब म्हनले, आजून आर्धा तास हाय, भजी संपवून येतो." निरीक्षकांनी त्यालाच उपाध्यक्षांकडे पाठवलं. तिथूनही तेच उत्तर, फक्त भजीच्या जागी मिसळ.

निरीक्षक म्हणाले, "अध्यक्ष गैरहजर, उपाध्यक्ष गैरहजर. नियमाप्रमाणे उपस्थितांतून सभेचा अध्यक्ष निवडा." पेन्शनर एकमेकांकडे बघू लागले. जो त्या खुर्चीवर बसेल त्याला दोन्ही पार्ट्या जन्मभर सोडणार नव्हत्या. शेवटी गुरुजी उठले. "नगरात कुणालाच न भिणारी एकच व्यक्ती इथे आहे. मी सिस्टरांचं नाव सुचवतो." अनुमोदन कुणाचं, असं निरीक्षकांनी विचारताच मागून आवाज आला, "माझं." तो माझ्या आईचा होता.

सिस्टर चपला वाजवत स्टेजवर गेल्या आणि 'शुभविवाह'च्या खाली नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. "चला, वाचा," निरीक्षकांना म्हणाल्या. "दवाखान्यात दोघी आडल्यात माज्या."

निरीक्षकांनी ठराव वाचला. जिंदगी, दायित्व, हस्तांतरण, तत्सम, अन्वये. मी पुढच्या रांगेला हळूच इंग्रजीत, आणि इंजिनिअरसाठी हातवारे करत, सांगू लागले: म्हणजे आपली बँक राहणार नाही, पैसे पुण्याच्या बँकेचे होणार, इथे तिची शाखा असेल, निर्णय तिकडे होतील. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मागच्या रांगांतून माना पुढे आल्यात. गुरुजी म्हणाले, "बाई, जरा मोठ्यानं सांगा. तुमचं इंग्रजी यांच्या मराठीपेक्षा सोपं पडतंय."

सिस्टर वरून म्हणाल्या, "आगं, मराठीतच सांग की समद्यांला. हितं कोन बोट वर करतंय?"

मग मी उभी राहून सगळं साध्या मराठीत सांगितलं. पुण्याच्या बँकेकडे पैसा जास्त आहे, तेही सांगितलं. परदेशी ग्राहकांना तिथे कदाचित जास्त सोयी मिळतील, हेही सांगितलं. ते सांगणं माझ्याच मुळावर येणारं होतं, पण मोठ्या बाईंनी भाषांतरात आपलं काही घालायचं नाही, असं छडीने शिकवलं होतं. सांगून संपलं. तेवढ्यात मौनवाल्याने पाटी वर धरली.

"काय प्रश्न आहे तो सभेला सांगा," निरीक्षक म्हणाले.

मी पाटीकडे बघत राहिले. "ते विचारतात की... इंग्रजीच्या टेबलाचं काय होणार."

"मग उत्तर द्या."

"टेबल जाईल," मी म्हणाले.

"आणि टेबलावरच्या बाई?" शिवणवर्गातली एकजण म्हणाली.

मागून आईच म्हणाली, "जालन्याला जाईल. भावाची पोरं सांभाळायला. आणि मी भाकरी थापायला." सगळे हसले. आईही हसली. मी मात्र खाली बसले आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले, कारण तिने ते इतकं खरं सांगितलं होतं.

सिस्टर म्हणाल्या, "पुन्याची बँक पायजेल त्यांनी हात वर करा." एका पेन्शनरांचे जावई त्या बँकेत होते, त्यांनी अर्धा हात वर केला. "नको त्यांनी करा." बाकी सगळे हात वर. इंजिनिअरने दोन्ही केले. निरीक्षक म्हणाले, "एकच." त्याने एक खाली घेतला. ठराव फेटाळला गेला. गुरुजींनी आभार मानले, ते मानल्याशिवाय आमच्याकडे सभा संपत नाही.

बरोबर साडेदहाला दोन्ही दारांतून दोन्ही पार्ट्या हात पुसत आत आल्या. सभा झाल्याचं ऐकल्यावर चेअरमनसाहेब ओरडले, "बेकायदा! साफ बेकायदा! मी हे चालू देणार नाही!" मी धावत जाऊन त्यांच्या कानात सांगितलं की ठराव पडलाय, आपली बँक वाचलीय. त्यांनी श्वास घेतला. "संपूर्ण कायदेशीर!" ते त्याच आवाजात म्हणाले. "एक अक्षर बदलता येणार नाही!"

आता उपाध्यक्ष पेटले. "निरीक्षकसाहेब, हे परदेशी लोक! यांना मराठीचा गंध नाही. कशावर मत दिलं ते यांना माहीत तरी आहे का?" निरीक्षकांनी विचार केला आणि नेमकं इंजिनिअरकडे बोट दाखवलं. "आपण कशावर मत दिलं, ते सांगा." मी भाषांतराला उठले, तर मला त्यांनी खाली बसवलं. इंजिनिअर उभा राहिला. त्याने एक हात आडवा झटकला. "पुणे बंद." मग दुसरा हात वर फिरवला. "नगर चालू."

निरीक्षक म्हणाले, "या विषयावरचं इतकं मुद्देसूद भाषण मी अजून ऐकलेलं नाही."

"आन् तुमी," सिस्टर उपाध्यक्षांना म्हणाल्या, "तुमचा थोरला झाला तवा भायेर वट्ट्यावर बसून रडत हुता. पोरगं झालं, बाईबी धड हाय, आसं म्या येऊन सांगितलं ते कोन्च्या भाषेत सांगितलं? कळलं हुतं ना तवा?" उपाध्यक्षांची माणसं दुसरीकडे बघून हसू लागली.

बँक वाचली. मी आणि आई घरी आलो, मामाची ट्रंक तशीच रिकामी होती. मामा म्हणाला, "दोन दिवस थांबतो. कुणी सांगावं."

मामाला जग कळत होतं. सोमवारीच उपाध्यक्षांनी संचालकांच्या बैठकीत मुद्दा काढला. परदेशी सभासदांना मराठी समजतं, हे आता सरकारी निरीक्षकांसमोर सिद्ध झालंय. मग इंग्रजीचं टेबल कशाला? चेअरमनसाहेब पुरते अडकले. मराठी समजत नाही म्हणावं तर कालचं मतदान जातं. समजतं म्हणावं तर टेबल जातं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि माझ्याकडे न बघता पेपरवेट फिरवत म्हणाले, "बाई, महिनाअखेरपर्यंत या तुम्ही." ज्या माणसाची बँक माझ्या नोटिशीने वाचली, तो मला असं सांगत होता. मला इतका संताप आला की मी त्यांना इंग्रजीत बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांना कळलं नाही आणि व्याकरण बरोबर होतं, एवढं पुरे.

खबर दवाखान्यापर्यंत कशी गेली हे विचारायला नको. आई आडुळसा आणायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी बँक उघडली तेव्हा माझ्या टेबलासमोर रांग होती. पहिल्या सिस्टर, त्यांच्या मागे इंजिनिअर, मग पाटीवाला, मग दवाखान्यातले, आश्रमातले, आणि शेवटी हातात बँकेचं मराठी सूचनापत्रक घेतलेले गुरुजी. चेअरमनसाहेब केबिनच्या बाहेर आले. उपाध्यक्षही तिथेच होते. सिस्टर खुर्ची ओढून बसल्या आणि मी त्यांच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या, "गुड मॉर्निंग. आय डू नॉट नो एनी मराठी."

उपाध्यक्ष म्हणाले, "अहो सिस्टर! परवा तुम्ही अख्खी सभा मराठीत चालवली!"

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणतात ते सांग, अशी मान केली. मी गंभीरपणे त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ऐकून उत्तर दिलं, आणि मी ते उपाध्यक्षांना मराठीत सांगितलं: "त्या म्हणतात, सभेत येतं. बँकेत येत नाही."

"हे कसं शक्य आहे?"

इंजिनिअर पुढे झाला. "मराठी," त्याने हात आडवा झटकला, "बंद." पाटीवाल्याने पाटी वर धरली. मलाही मराठी बोलता येत नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. गुरुजी म्हणाले, "मला येतं, पण तुमच्या बँकेचं येत नाही. मला याच टेबलावर समजतं."

चेअरमनसाहेबांनी रांगेकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं. मग त्यांनी उपाध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवला. "गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो," म्हणाले आणि केबिनमध्ये जाऊन डोळे मिटून बसले. महिनाअखेरीचं नाव पुन्हा निघालं नाही. संध्याकाळी आईने मामाच्या ट्रंकेत त्याच्या पोरांसाठी शिवलेले सदरे भरले आणि त्याला जालन्याच्या एसटीत बसवून दिलं.

त्या दिवसापासून सिस्टर बँकेत इंग्रजीखेरीज एक शब्द बोलल्या नाहीत. आईचा खोकलाही त्या इंग्रजीत विचारायच्या. मराठी आवरताना त्यांना किती जड जायचं ते मला समोरून दिसायचं. बोलता बोलता 'आगं' ओठांवर यायचं आणि त्या ते गिळायच्या. बँकेची पायरी उतरल्या की रस्त्यावरच्या भाजीवालीशी त्यांचं सुरू व्हायचं, आणि ते मला आत टेबलापर्यंत ऐकू यायचं.

पुढे त्यांना निवृत्त करून त्यांच्या देशाला परत पाठवायचं ठरलं. जायच्या दिवशी मी आईला घेऊन दवाखान्यात गेले. त्या अंगणात ट्रंकेवर बसून गाडीची वाट बघत होत्या. अवतीभवती बायका रडत होत्या आणि त्या सगळ्यांना दटावत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. आमचा रिवाजच पडला होता, त्यामुळे माझ्या तोंडून इंग्रजीच निघालं. "सिस्टर, वी शॅल मिस यू व्हेरी मच," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात धरला आणि मला खाली ट्रंकेवर शेजारी बसवलं.

"हितं चेअरमन न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आता तरी माज्याशी मराठीत बोल."

आणि मला, जिला बोलण्याचाच पगार मिळत होता, एक शब्द सुचेना.